डासांवर नवं औषध शोधताना: नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

रसायनशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकलेले आम्ही काहीजण नागपुरात डासांच्या अळ्यांवर नवनवी संयुगं तपासून पाहतो. शाळेत बोलायला गेलो, वस्तीतल्या बैठकीला गेलो, लग्नात जेवायला बसलो, तरी लोक हेच विचारतात. म्हणून सगळं एका जागी लिहून काढलं. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न दोन ओळींत सुटणारे नाहीत.

दुकानात इतकी औषधं असताना नवं कशाला शोधता?

दुकानातल्या फळीवर दहा नावं दिसतात हे खरं. पण बाटली उलटी करून बारीक अक्षरं वाचा. मशीनमध्ये ट्रान्सफ्लुथ्रिन, कॉइलमध्ये अॅलेथ्रिनचा एखादा भाऊबंद, औषधी मच्छरदाणीत डेल्टामेथ्रिन किंवा अल्फासायपरमेथ्रिन. नावं वेगळी, घराणं एकच: पायरेथ्रॉइड. ही सगळी डासाच्या मज्जातंतूतल्या सोडियमच्या दारावर जाऊन बसतात आणि ते दार बंद होऊ देत नाहीत. डास थरथरतो, पाय झाडतो, उलटा पडतो. डीडीटीचं घराणं वेगळं, पण दार तेच.

दुसरीकडे मॅलाथिऑन, टेमेफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट आणि प्रोपॉक्सरसारखी कार्बामेट. यांचा घाव असेटिलकोलिनएस्टरेज या, मज्जातंतूंमधला संदेश वेळेवर थांबवणाऱ्या एन्झाइमवर. म्हणजे कित्येक दशकं सार्वजनिक आरोग्याच्या हातात मोठी घराणी चार होती, पण कुलपं, म्हणजे डासाच्या शरीरात घाव घालायच्या जागा, दोनच.

आता डासांत काय होतं ते बघा. सोडियमचं ते दार म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळीचं प्रथिन, त्यातलं एकच अमिनो आम्ल बदलतं. १०१४ क्रमांकाच्या जागी ल्यूसिन असायचं, तिथे फेनिलअॅलनिन येतं. एवढ्यानं पायरेथ्रॉइड नीट बसत नाही आणि डीडीटीही बसत नाही. एका बदलानं दोन घराणी निकामी. शिवाय काही डास औषध मोडून टाकणारी एन्झाइमं भरमसाट बनवायला लागतात. मध्य भारतात खेड्यापाड्यांतला मलेरिया पसरवणारी मुख्य जात आहे अॅनॉफिलिस क्युलिसिफेसिस. पुष्कळ जिल्ह्यांत ती डीडीटी, मॅलाथिऑन आणि डेल्टामेथ्रिन, तिघांनाही दाद देईनाशी झाली आहे. नवीन संयुग शोधायचं म्हणजे खरं तर नवीन कुलूप शोधायचं.

डीडीटीनं तर मलेरिया जवळजवळ संपवला होता ना?

जवळजवळ, हो. १९५३ मध्ये देशात राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असावा आणि आठ लाख दगावत असावेत असा अंदाज होता. घराघरांत डीडीटीची फवारणी झाली आणि १९६५ पर्यंत नोंदलेले रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. १९७६ मध्ये तोच आकडा चौसष्ट लाखांवर गेला. यात औषधाचा तुटवडा होता, यंत्रणेची ढिलाई होती, आणि डासांनी कमावलेला प्रतिरोधही होता. ज्यांनी घरातली माणसं तेव्हा थंडीतापानं फणफणताना पाहिली त्यांना आकडे सांगावे लागत नाहीत.

डीडीटीची मला जास्त लागून राहिलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. हा रेणू ओथमार झायडलर यांनी १८७४ मध्येच तयार केला होता. तो कीटक मारतो हे पाउल म्युलर यांच्या लक्षात आलं १९३९ मध्ये. त्याबद्दल त्यांना १९४८ चं नोबेल मिळालं. मधली पासष्ट वर्षं तो रेणू होता, पण त्याला डासासमोर किंवा माशीसमोर कोणी ठेवलंच नाही. आज जगातल्या कपाटांत लाखो संयुगं अशीच पडून आहेत.

हे काम नागपुरातच का?

मे महिन्यात आमच्याकडे या आणि कुठल्याही घराच्या मागच्या खिडकीकडे बघा. कूलर दिसेल. बाहेर ४५ अंशांचं ऊन, पण बाष्पीभवनामुळे कूलरच्या टाकीतलं पाणी गारच राहतं. वर वुडवूलची किंवा पुठ्ठ्याच्या जाळीची सावली, आत ओलावा. या उन्हात एरवी तग धरू न शकणारी एडिस इजिप्ती, म्हणजे डेंग्यू आणि चिकुनगुनियाची मादी, आपण आपल्या हातानं सांभाळतो. पहिला पाऊस पडला की कूलर बंद होतो, पण टाकीत चार बोटं पाणी तसंच राहतं. नंतर ते सुकतं आणि लोकांना वाटतं की झालं. अंडी मात्र पाण्यात नसतात. ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या पत्र्याला चिकटलेली असतात, खसखशीएवढी, काळी. ती कोरडी पडून कित्येक महिने जिवंत राहतात. पुढच्या उन्हाळ्यात टाकी भरली की अळ्या तयार.

दुसरं म्हणजे हत्तीपाय. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली हा पट्टा फायलेरियाचा जुना बाधित पट्टा. त्याचा क्युलेक्स डास सांडपाण्यात वाढतो. नाग नदीच्या काठचं पाणी, तुंबलेल्या नाल्या, उघडे सेप्टिक टँक, त्याला एवढं पुरतं. तिसरं, पूर्वेला गडचिरोलीचं जंगल आणि तिथला मलेरिया; राज्यातल्या मलेरियाचा फार मोठा वाटा त्या एका जिल्ह्याचा असतो. चांदिपुरा विषाणूसुद्धा १९६५ मध्ये नागपूर भागातच पहिल्यांदा सापडला. तो वाळूमाशीमार्फत पसरतो, डासांमार्फत नाही, तरी त्याचं नाव इथलंच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जाणारे मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघते तेव्हा सगळं शहर "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडतं. मी लहानपणापासून त्या गर्दीत उभा राहत आलो आहे. डेंग्यूचे वॉर्ड भरायला लागतात तेही याच दिवसांत.

नवं संयुग सापडतं तरी कुठे?

सगळ्यात अनपेक्षित जागी. स्पिनोसॅड हे आज अळीनाशक म्हणून वापरलं जाणारं औषध एका मातीतल्या जिवाणूपासून येतं. ती माती १९८२ मध्ये कॅरिबियन बेटावरच्या एका बंद पडलेल्या रमच्या भट्टीजवळून उचललेली होती. बीटीआय हा अळ्यांचं आतडं फोडणारा जिवाणू १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात सापडला. त्या डबक्यात मेलेल्या अळ्यांचा थर साचला होता आणि तसं का झालं असेल हा प्रश्न कोणीतरी विचारला. पायरेथ्रॉइडचं मूळ शेवंतीच्या कुळातल्या एका पांढऱ्या फुलात आहे. त्या फुलातलं द्रव्य उन्हात टिकत नव्हतं. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात मायकेल एलियट यांच्या चमूनं १९७० च्या दशकात उन्हाला टिकणारं परमेथ्रिन आणि मग डेल्टामेथ्रिन घडवलं, तेव्हा कुठे ते शेतात आणि मच्छरदाणीत आलं.

क्लोरफेनापिरची कथा तर मी प्रत्येक वर्गात सांगतो. त्याचा मूळ नमुनाही एका मातीतल्या जिवाणूनं बनवलेल्या रेणूचा. शेतीसाठी तयार झालेलं हे औषध डासाच्या अंगात शिरतं तेव्हा निरुपद्रवी असतं. मग डासाची औषध मोडणारी एन्झाइमं, जी पायरेथ्रॉइडला हरवतात तीच, याला मोडायला जातात आणि मोडता मोडता त्याचं विष बनवतात. पेशीतली ऊर्जा तयार होण्याचं काम थांबतं आणि डास दोनतीन दिवसांत संपतो. शत्रूचं हत्यार शत्रूवरच. हे औषध आणि पायरेथ्रॉइड एकत्र असलेल्या मच्छरदाण्यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये केली.

नव्या संयुगांच्या शोधाचा रस्ता म्हणून हे फार शिकवणारं आहे. लिव्हरपूलला २००५ मध्ये सुरू झालेल्या आयव्हीसीसी या संस्थेनं रसायन कंपन्यांची कपाटं उघडून घेतली आणि शेतीसाठी बनलेली लाखो संयुगं डासांवर तपासली. आमच्यासारख्यांचं कपाट छोटं असतं. एखाद्या विद्यार्थ्यानं पीएचडीसाठी बनवलेली चाळीस-पन्नास संयुगं, काही वनस्पतींचे अर्क. पण कुपीवरचं लेबल वाचून तिच्यात काय दडलंय ते कळत नाही. तपासूनच कळतं.

कडुनिंब आहे, संत्र्याची सालं आहेत. रसायन हवंच कशाला?

हा प्रश्न विदर्भात मला सर्वांत जास्त वेळा आणि सर्वांत कळकळीनं विचारला जातो, म्हणून नीट उत्तर देतो.

पहिली गोष्ट, कडुनिंब आणि संत्रंही रसायनंच देतात. संत्र्याच्या सालीच्या तेलात बहुतांश लिमोनीन असतं. डासांच्या अळ्या त्यानं मरतात. पण प्रश्न किती लागतं हा आहे. पालिकेचे कर्मचारी टाकीत जे टाकतात, ज्याला सगळे अबेट म्हणतात, ते टेमेफॉस संवेदनशील अळ्यांना लिटरभर पाण्यात मिलिग्रॅमच्या काही शतांश भागानंही मारतं. लिमोनीन त्याच कामाला लिटरमागे कित्येक मिलिग्रॅम लागतं. वर ते उडून जातं. उघड्या टाकीत, नागपूरच्या उन्हात, त्याचा वासच आधी संपतो. संत्रा बाजारामागे सालींचे ढीग पाहून मलाही दर वर्षी वाटतं की यातून काहीतरी निघालं पाहिजे. निघेलही. पण ते तेल हळूहळू सोडणाऱ्या एखाद्या गोळीच्या रूपात निघेल, बाटलीतून थेट ओतण्याच्या रूपात नाही.

कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन अळीची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं. कल्पना सुंदर, पण रेणू इतका गुंतागुंतीचा की केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या चमूला तो प्रयोगशाळेत पूर्ण बांधायला बावीस वर्षं लागली, २००७ उजाडलं. तोही ऊन लागलं की मोडतो. वनस्पतीतला रेणू बहुतेक वेळा शेवटचं औषध नसतो, पहिला आराखडा असतो. त्यातला कुठला तुकडा काम करतो ते ओळखायचं आणि तेवढाच तुकडा सोपा, टिकाऊ करून बांधायचा. पायरेथ्रॉइडच्या बाबतीत हेच झालं.

दुसरी गोष्ट, जी सांगताना मला वाईटपणा घ्यावा लागतो. "आयुर्वेदिक आहे, म्हणजे अपाय नाही" हे खरं नाही. सीताफळाच्या बियांची पूड अळ्यांना मारते, डोक्यातल्या उवाही मारते. तीच पूड डोळ्यात गेली की बुबुळाला जखम होते. आमच्याकडे आजी लोक पोरींच्या केसांना ती लावत. डोळे लाल करून रात्रभर रडणारी पोर मी घरातच पाहिली आहे.

एखादं संयुग चालतं की नाही हे कसं ठरवता?

सुरुवात एका पेल्यातून होते. १०० मिली पाणी, त्यात तिसऱ्या अवस्थेच्या शेवटच्या किंवा चौथ्या अवस्थेच्या सुरुवातीच्या २५ अळ्या. अळ्या ड्रॉपरनं उचलाव्या लागतात, ओतल्या तर दुखावतात. मग औषधाचे निदान चार वेगवेगळे डोस, प्रत्येक डोसचे चार पेले, आणि तेवढेच बिनऔषधाचे पेले ज्यांत औषध विरघळवायला वापरलेलं अॅसिटोन किंवा अल्कोहोलच फक्त घातलेलं. खोली २७ अंशांच्या जवळपास, बारा तास उजेड, बारा तास अंधार.

चोवीस तासांनी मोजायचं. हे मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. जिवंत अळी सावली पडली तरी वळवळत खाली पळते. मेलेली तळाशी सरळ पडते. मधल्या अळ्यांचा प्रश्न असतो. बारीक सुईनं मानेजवळ किंवा श्वासनळीजवळ टोचायचं. हलली नाही तर मेली. हलली, पण पृष्ठभागावर येऊन श्वास घेता येत नाही, तर ती मरणपंथाला लागलेली धरायची, म्हणजे मेलेल्यांतच. नुसते औषधाचेच सोळा पेले, चारशे अळ्या, हातात सुई आणि टॉर्च. आमच्या विद्यार्थिनींपैकी एकीचा हात या कामात इतका स्थिर आहे की शंका आली की आम्ही सगळे तिच्या मोजणीवर जातो.

त्या आकड्यांवरून अर्ध्या अळ्या मारणारी मात्रा काढतात, आणि नव्वद टक्के मारणारी. पहिलीवरून संयुगांची आपसात तुलना होते. दुसरी टाकीत किती टाकावं लागेल याची पहिली चाहूल देते.

पण चोवीस तासांचा हा साचा प्रत्येक संयुगाला लागू नाही, आणि इथे चांगली संयुगं हातची जातात. पायरीप्रॉक्सिफेन घ्या. ते अळीच्या बालसंप्रेरकाची नक्कल करतं. चोवीस तासांनी बघाल तर सगळ्या अळ्या मजेत पोहताना दिसतील. चार-सहा दिवस थांबा. कोष होतात, पण कोषातून डास बाहेर येत नाही. लिटरमागे एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग पिण्याच्या पाण्यात चालतो अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, आणि तेवढ्यात ते काम करतं. क्लोरफेनापिरचंही तेच. मच्छरदाणीच्या नेहमीच्या चाचणीत डासाला तीन मिनिटं कापडावर बसवून चोवीस तासांनी मोजतात. त्या पद्धतीनं ते फिकं दिसतं. रात्री, डास चपळ असताना, आणि बहात्तर तासांपर्यंत मोजलं तरच त्याचा खरा जोर कळतो.

बिनऔषधाच्या पेल्यांत कशाला वेळ घालवता?

एकदा आमच्याकडे एक अर्क फार भारी निघाला. सगळ्यात कमी डोसलासुद्धा अळ्या पटापट मेल्या. सगळे खूश. मग कोणीतरी बिनऔषधाचे पेले पाहिले. त्यांतल्याही निम्म्याहून जास्त अळ्या तळाशी पडलेल्या. आम्ही त्या सकाळी नळाचं ताजं पाणी घेतलं होतं आणि त्यात क्लोरीन होतं. चूक पूर्णपणे आमची. नियमच आहे की बिनऔषधाच्या पेल्यात २० टक्क्यांहून जास्त अळ्या मेल्या तर तो सबंध प्रयोग टाकून द्यायचा. ५ ते २० च्या मध्ये असेल तर अॅबटच्या सूत्रानं, म्हणजे आपोआप मेलेल्या अळ्यांचा वाटा वगळून, दुरुस्ती करायची. टाकून दिला. तीन आठवड्यांची मेहनत होती आणि ती विद्यार्थिनी जिन्यात बसून रडली. तेव्हापासून पाणी एक रात्र उघडं ठेवल्याशिवाय आम्ही वापरत नाही. तो अर्क पुन्हा तपासला तेव्हा अगदी सामान्य निघाला.

माणसाला, माशांना, मधमाश्यांना काय होतं?

विष शोधणं सोपं आहे. डासालाच लागेल आणि बाकीच्यांना लागणार नाही असं विष शोधणं अवघड. पेल्यात छान दिसणारी बहुतेक संयुगं याच पायरीवर गळतात. पायरेथ्रॉइड माणसाच्या शरीरात लवकर मोडतात, पण माशांना ती जबर विषारी आहेत. फुटाळा किंवा अंबाझरी तलावात ती ओतायची कल्पनाही नको, आणि ज्या टाक्यात गप्पी मासे सोडले आहेत तिथे तर मुळीच नको.

म्हणून डासात आणि आपल्यात फरक कुठे आहे ते शोधलं जातं. असेटिलकोलिनएस्टरेज आपल्यातही आहे, पण डासाच्या एन्झाइमच्या तोंडाशी सिस्टीन हे एक अमिनो आम्ल आहे, माणसाच्यात त्या जागी नाही. फक्त त्या सिस्टीनला पकडणारं संयुग करता येईल का, यावर काम झालेलं आहे. दुसरी कल्पना मला जास्त आवडते. मादी एका बैठकीत स्वतःच्या वजनाइतकं किंवा त्याहून जास्त रक्त पिते आणि लगेच त्यातलं पाणी बाहेर टाकायला लागते, नाहीतर तिला उडताच येणार नाही. तिच्या मूत्रनलिकांतली पोटॅशियमची वाट अडवणारी संयुगं प्रयोगशाळेत सापडली आहेत. अशी मादी फुगून राहते आणि मरते. फुलांवर जगणाऱ्या कीटकावर रक्त पचवायची वेळच येत नाही.

४५ अंशांत औषधाचं काय होतं?

हे इथल्या माणसानंच विचारावं असा प्रश्न. पायरेथ्रॉइड आणि डीडीटी थंडीत जास्त जोर करतात, उकाड्यात कमी. ऑर्गॅनोफॉस्फेटचं उलट. त्यामुळे २७ अंशांच्या खोलीत मिळालेला आकडा घेऊन थेट सक्करदऱ्याच्या गच्चीवर जाता येत नाही. पत्र्याच्या टाकीतलं पाणी, प्लास्टिकच्या काळ्या टाकीतलं पाणी, गाळ आणि शेवाळ असलेलं पाणी, प्रत्येकात संयुग वेगळं वागतं. गाळ तर औषध अक्षरशः शोषून घेतो. आम्ही म्हणून दुसऱ्या टप्प्यात खऱ्याखुऱ्या कूलरच्या टाक्या वापरतो, गंजलेल्या, खाली पांढरा क्षार बसलेल्या.

हे सगळं कॉम्प्युटर करून देईल ना आता?

मदत करतो, खूप करतो. आफ्रिकेत मलेरिया पसरवणाऱ्या अॅनॉफिलिस गॅम्बिईचा जनुकसंच २००२ मध्ये वाचून झाला, एडिस इजिप्तीचा २००७ मध्ये. त्यामुळे एखादं प्रथिन पडद्यावर उभं करून हजारो रेणू त्यात बसवून पाहता येतात आणि पन्नासच निवडून बनवता येतात. पूर्वी यात वर्षं जायची. पण पडद्यावर घट्ट बसलेला रेणू अळीच्या कातडीतून आतच गेला नाही तर? पाण्यात विरघळलाच नाही तर? ते पेलाच सांगतो.

एक औषध बाजारात यायला किती वर्षं लागतात?

शेतीच्या औषधांचा हिशेब उपलब्ध आहे. एका नव्या घटकामागे साधारण १ लाख ६० हजार संयुगं तपासली जातात, अकरा वर्षं जातात आणि २८ कोटी डॉलरहून जास्त खर्च होतो. डासांच्या औषधाचं गिऱ्हाईक म्हणजे गरीब देशांची सरकारं आणि गरीब कुटुंबं. त्यामुळे फक्त डासांसाठी एवढा पैसा घालायला कंपन्या क्वचितच तयार होतात. नव्या डासनाशकांतली बहुतेक शेतीच्या मागच्या दारानं आलेली आहेत. क्लोथियानिडिन तसंच, ब्रॉफ्लॅनिलाइडही तसंच.

आपल्याकडे कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे. नोंदणी फरिदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळाकडे आणि नोंदणी समितीकडे होते. त्याआधी प्रयोगशाळा, छोटं क्षेत्र, मोठं क्षेत्र असे टप्पे असतात. दिल्लीची राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्था आणि पुदुच्चेरीचं व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटर या चाचण्यांत मुख्य. आम्ही या साखळीच्या पहिल्याच कडीवर आहोत आणि तिथेच राहणार आहोत. पण पहिली कडीच नसेल तर पुढच्यांनी काय तपासायचं?

धुराची गाडी येते तेव्हा खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद?

सूचना दिली असेल तर उघड्या. अन्नपाणी झाकून ठेवायचं आणि लहान मुलं, दम्याची माणसं धुरापासून लांब. पण धूर फक्त त्या क्षणी उडत असलेल्या डासांना मारतो. टाकीतल्या अळीला तो कळतही नाही, दोन दिवसांनी नवे डास बाहेर येतात. एडिस तर दिवसा चावतो आणि घरात पडद्यामागे, पलंगाखाली बसतो. लोक गाडीसाठी नगरसेवकाकडे भांडतात आणि कूलर तसाच राहतो, याचं मला मनापासून दुःख होतं. उगाच मारलेला प्रत्येक धूर डासांना त्या औषधाची सवय लावतो, आणि ते निकामी झालं तर पुढचं यायला अकरा वर्षं आहेत.

हत्तीरोगाच्या गोळ्यांत डास मारायचं औषधही असतं म्हणे?

अर्धं खरं. तीन औषधांच्या मोहिमेत डीईसी आणि अल्बेंडाझोल या जंतांवरच्या औषधांबरोबर आयव्हरमेक्टिन असतं. देशात ती ज्या मोजक्या जिल्ह्यांत सुरुवातीला राबवली गेली त्यांत नागपूर होतं, २०१९ मध्ये. आयव्हरमेक्टिन जंतांच्या पिलांवर काम करतं, आणि ते घेतलेल्या माणसाचं रक्त प्यायलेला अॅनॉफिलिस डासही मरू शकतो. केनियातल्या क्वाले इथे महिन्यातून एकदा असं तीन महिने मोठ्या समूहाला ते दिलं तेव्हा मुलांमधला मलेरियाचा संसर्ग २६ टक्क्यांनी कमी झाला. आपल्याकडची वर्षातून एकदाची गोळी त्यासाठी नाही, ती हत्तीरोगासाठीच आहे. ती समोर आली की कर्मचाऱ्यासमोरच घ्या. पाकीट उशीखाली ठेवणाऱ्या माझ्या काकांचा पाय मी वीस वर्षं पाहिला आहे.

अंगाला लावायच्या क्रीमचं काय?

चांगली गोष्ट आहे. डीट हे अमेरिकी लष्करासाठी १९४६ मध्ये आलं आणि अजून त्याच्याशीच सगळ्यांची तुलना होते. आपल्या संरक्षण संशोधनाच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेनं डेपा तयार केलं. यानं डास मरत नाही, लांब राहतो. मच्छर-अगरबत्ती घेताना मात्र पुडक्यावर नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. नसेल तर त्यात काय आहे हे कोणीच तपासलेलं नाही, आणि ते बंद खोलीत बाळाच्या उशाशी जळतं.

घरीच काही मिसळून टाकीत टाकलं तर?

नको. शेतीचं औषध तर अजिबात नको.

आमच्या कूलरमधल्या अळ्या तुम्हाला उपयोगी पडतील का?

फार. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेले डास औषधाला नाजूक असतात. मानेवाड्याच्या, हुडकेश्वरच्या, महालच्या टाकीतल्या अळ्याच सांगतात की आज शहरात कुठलं औषध चालतंय. टाकीतलं पाणी पांढऱ्या थाळीत ओता. वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर रुंद तोंडाच्या बाटलीत त्याच पाण्यासकट अर्ध्यापर्यंत भरा, झाकणाला भोकं पाडून आतून मलमलचा तुकडा लावा. बाटलीवर वस्ती, तारीख आणि टाकीत आधी काही औषध टाकलं होतं का, एवढं लिहा आणि त्याच दिवशी जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्र विभागाला किंवा पालिकेच्या मलेरिया-फायलेरिया विभागाला, आधी विचारून, नेऊन द्या. उरलेलं पाणी नालीत ओतू नका, कोरड्या मातीवर ओता. मग टाकीची आतली बाजू, जिथवर पाणी होतं त्या रेषेच्या वरपर्यंत, तारेच्या ब्रशनं घासून काढा.